दारावरचा सत्तावीस

मी एक जुना नंबर आहे. हसू नका, मित्रांनो. तुटकी छत्री बोलते, शाळेची घंटा बोलते, पडका पूलसुद्धा बोलतो, आणि ते सगळं तुम्ही निमूटपणे ऐकून घेता. मग नंबरानं तुमचं काय घोडं मारलंय? चुंबकाच्या लवचीक रबरी पत्र्यातून कापलेला, पांढऱ्यावर काळे आकडे असलेला, गाडीच्या दारावर चिकटवायचा असा मी सत्तावीस आहे. माझा एक कोपरा मुडपला आहे, साताचा पाय खालून तुटला आहे आणि सध्या माझा मुक्काम स्वयंपाकघरात, फ्रिजच्या दारावर असतो. मी एकदा टीव्हीवर येऊन गेलो आहे. लोकांना म्हणे याचा अभिमान वाटतो. मला मात्र अजून त्याचा वैतागच आहे, आणि तो तुमच्यापाशी बोलून टाकल्याशिवाय माझं डोकं काही शांत व्हायचं नाही.

माझा जन्म पाट्या रंगवणाऱ्याच्या दुकानात झाला. एका दुकानदारानं त्याला 'सत्तावीस वर्षांची अखंड सेवा' अशा दोन पाट्या करायला सांगितलं होतं, आणि त्या लागायच्या आत ती अखंड सेवा खंडित झाली. कापलेले आकडे पडून होते. त्याच सुमाराला एक मुलगी दारात येऊन म्हणाली, "मला दारावर लावायचा नंबर हवाय. कुठलाही चालेल, पण दोन्ही बाजूंना सारखा पाहिजे." पाटीवाल्यानं ते आकडे दोन पत्र्यांवर चिकटवून दिले आणि आम्ही जुळे भाऊ जन्माला आलो. चालकाच्या बाजूच्या दारावरचा तो माझा भाऊ आणि पलीकडच्या दारावरचा तो मी. आमच्या आकड्याचा अर्थ एवढाच. हे मुद्दाम सांगून ठेवतो, कारण पुढे टीव्हीवर एका विद्वानानं सत्तावीसमधून 'तरुणांच्या मनातलं मृत्यूचं आकर्षण' शोधून काढलं होतं. अहो, ती एका बंद पडलेल्या दुकानाची पाटी होती!

त्या मुलीला घरी छोटी म्हणतात. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी करते. सकाळपासून लोकांच्या दंडाला पट्टा बांधायचा, सुई घालायची आणि त्यांना कळायच्या आत "झालंसुद्धा" म्हणायचं, हे तिचं काम. तिचा हात इतका हलका की रडायच्या तयारीनं आलेली मुलं रडायचं विसरून परत जातात. तिची गाडी म्हणजे काही टीव्हीत दाखवतात तशी जमिनीला टेकलेली लालभडक गाडी नव्हे. दोन मालकांच्या हातून आलेली, राखाडी, लहानशी गाडी. पण तिचे ब्रेक, टायर आणि इंजिन ठणठणीत, कारण त्यांची देखभाल छोटी स्वतः करते. आम्हाला दुमडलं की आम्ही कायमचे वाकडे होतो, म्हणून तिच्या आईनं जुन्या चादरीची एक चपटी पिशवी शिवून दिली. आम्ही दोघं भाऊ तीत पाठीला पाठ लावून झोपत असू.

आमचं काम फक्त रविवारी असे. गावाबाहेर डांबराचा वळणावळणाचा एक बंद रस्ता आहे, त्याला सगळे ट्रॅक म्हणतात. रविवारी तिथे कुणीही आपली रोजची गाडी घेऊन यावं आणि मनासारखी पळवावी. शर्यत नाही, बक्षीस नाही. मागच्या वेळेपेक्षा आज वळण नीट घेतलं का, एवढंच बघायचं. येतं कोण? दातांची एक डॉक्टरीण, केस पांढरे झालेला एक सुतार, दोन सख्ख्या जावा, आणि हो, छोटीच्या वयाची पुष्कळ मुलंमुली. तुम्हाला वाटेल, तिथे नुसता धांगडधिंगा चालत असेल. मित्रांनो, मी शाळेत कधी गेलेलो नाही, पण तिथल्याइतकी शिस्त तुमच्या शाळेत असेल असं मला वाटत नाही.

आधी गाडीतली सुटी वस्तू न् वस्तू बाहेर काढायची. पाण्याची बाटली, पायपुसणी, खणातली टाचणीसुद्धा. मग चाकांचे नट आवळलेत का ते दुसऱ्याकडून तपासून घ्यायचं, स्वतःचं स्वतः तपासलेलं चालत नाही. पुढच्यानं खिडकीतून हात काढून वाट दिली तरच त्याच्या पुढे जायचं. शेवटचा फेरा सावकाश मारायचा, म्हणजे तापलेले ब्रेक निवतात. आणि थांबल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, तापलेला ब्रेक जागच्या जागी चिकटून बसतो. त्याऐवजी चाकामागे लाकडाचा ठोकळा लावायचा. हे सगळं बघायला तिथे झेंडेकाका असत. हे त्यांचं आडनाव नव्हे. हातात कायम झेंडा, म्हणून झेंडेकाका. पूर्वी ते रुग्णवाहिका चालवत. दर रविवारी सकाळी सगळ्यांना उन्हात उभं करून ते एकच भाषण करत, "इथे जोरात चालवायला आलायत ना? मग बाहेर हळू चालवायचं. ज्याला हे जमत नसेल त्यानं घरी बसून लुडो खेळावा."

आणि काका नुसतं बोलून थांबत नसत. तिथे एक पत्र्याची शेड आहे. जो कुणी बाहेरच्या रस्त्यावर बेफाम चालवताना सापडेल त्याचा नंबर काढून घ्यायचा आणि त्या शेडच्या भिंतीवर उलटा लावायचा, असा तिथला कायदा होता. तो माणूस पुन्हा कधीच ट्रॅकवर यायचा नाही. भिंतीवर असे काही नंबर डोकं खाली, पाय वर करून लटकत होते. त्यांच्यासमोरून जाताना मी अंग चोरून घेत असे. रस्त्यावर शर्यती लावणाऱ्यांचा राग टीव्हीवाल्यांना येतो त्याच्या दसपट या लोकांना येतो, पण हे विचारायला टीव्हीवाला कधी तिथे फिरकला असेल तर शपथ.

म्हणूनच तिथला दुसरा नियम असा, की फाटकाबाहेर पडण्याआधी दारावरचे नंबर उतरवायचे. गावातल्या रस्त्यावर नंबर लावून फिरायचं नाही, उगाच कुणाला चेव येईल असं वागायचं नाही. फाटकावर पाटीच होती, 'नंबर काढलात?' छोटीनं हा नियम कधी मोडला नव्हता. त्या महिन्यात तर नाहीच नाही. कारण पुढच्या रविवारपासून काका तिला शिकवणारी म्हणून घेणार होते. नवख्या माणसाच्या शेजारच्या खुर्चीत बसून त्याला वळणं शिकवायची, हे काम काका सहजासहजी कुणाला देत नसत. छोटीनं त्यासाठी किती वाट बघितली होती ते मला ठाऊक आहे. घरी परतताना ती गाडीशीच बोलत असे, "आता ब्रेक... आता बघा लांब... आता सोडा हळूच." समोर कुणी नसताना ती शिकवायचा सराव करायची.

आणि नेमकी तेव्हाच माशी शिंकली. दिवसाचं काम संपलं, छोटीनं चालकाच्या बाजूनं माझ्या भावाला सोलून काढलं, पुसलं आणि पिशवीत ठेवलं. गाडीला वळसा घालून ती माझ्याकडे येणार, तोच सुतारानं हाक मारली. त्याची गाडी सुरू होत नव्हती. छोटी धावली, चौघांनी मिळून गाडी ढकलली, ती एकदाची सुरू झाली, सगळे हसले, हात झटकले आणि छोटी परत येऊन सरळ आपल्या जागेवर बसली. मी दारावर तसाच! फाटकावरच्या माणसानं चालकाच्या बाजूनं बघून हात केला. मी ओरडलो असतो, पण नंबराला तोंड असतं का? घरी गाडी नेहमीप्रमाणे भिंतीला खेटून उभी राहिली, माझी बाजू भिंतीकडे. माझा भाऊ पिशवीत आरामात घोरत होता आणि मी विटांना नाक लावून उभा होतो.

आता बाबांविषयी सांगायला हवं. छोटीचे बाबा पाणीपुरवठ्याच्या कार्यालयातून निवृत्त झालेले. माणूस वाईट नाही. पण इतकी वर्षं गाडी चालवून एक ओरखडा नाही, हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत, आणि त्याला जोडूनच 'ही आजकालची पोरं' सुरू होई. छोटीच्या ट्रॅकला ते कधीही गेले नव्हते. "गाडी कामाला असते, गोल गोल फिरवायला नाही," म्हणत. त्यांची स्वतःची गाडी त्या आठवड्यात गॅरेजात पडली होती, क्लच जळाल्यामुळे. कायम क्लचवर पाय ठेवून चालवली की तो जळतोच, पण हे त्यांना सांगणार कोण?

तर आठवड्याच्या मधल्याच एका दिवशी, छोटी नेहमीप्रमाणे बसनं लॅबमध्ये गेलेली असताना, बाबा खाली आले. खिडकीतून आई सांगत होती, "अहो, बसनं जा. चष्मा नाहीये तुमच्या डोळ्यांवर."

"चष्माच तर आणायला चाललोय!" बाबा म्हणाले. जुना चष्मा त्यांनी बसताना खुर्चीत मोडला होता, नवा दुकानात तयार होता आणि दुकान दुपारचं बंद व्हायला आलं होतं. "रस्ता पाठ आहे मला. डोळे मिटून जाईन."

मित्रांनो, ते जवळजवळ तसेच गेले. मी दारावर होतो, मला सगळं दिसत होतं. इंजिन बिचारं दुसऱ्याच गिअरमध्ये किंचाळत होतं. बाबांचं लक्ष घड्याळाकडे, पुढच्या बसच्या मागे, पुन्हा घड्याळाकडे. चौकात दिवा लाल झाला. सगळ्या गाड्या थांबल्या, आणि बसच्या बाजूला मोकळी जागा दिसली म्हणून बाबांनी गाडी तीतून तशीच पुढे काढली. पादचाऱ्यांच्या पट्ट्यांवर एक बाई होत्या. त्यांच्या हातात बाळाची ढकलगाडी होती. त्यांनी ती जिवाच्या आकांतानं मागे खेचली. ढकलगाडीचं कापडी छत माझ्या अंगाला घासून गेलं. आत बाळ होतं. त्याच्या एका पायात मोजा होता आणि दुसरा पाय उघडा होता. इतक्या जवळून मी त्याला पाहिलं. माझ्यात आणि त्या उघड्या पायात एक वीत जागा असेल, नसेल.

बाबांना काहीच कळलं नाही. ते दुकानात पोचले, चष्मा घेतला, मजेत घरी आले आणि गाडी भिंतीला खेटून लावली.

बसमधल्या कुणीतरी ते सगळं फोनवर टिपलं होतं. बसच्या खांबामुळे गाडीची नंबरप्लेट दिसत नव्हती, चालक दिसत नव्हता, दिसत होतो फक्त मी. संध्याकाळी टीव्ही लागला तेव्हा दिवाणखान्याची खिडकी माझ्या डोक्यावरच उघडी होती. 'मृत्यूचा सत्तावीस!' असं किंचाळतच बातमी सुरू झाली. आमच्या त्या राखाडी गाडीला त्यांनी टायर करकचण्याचा आवाज लावला. अहो, टायर करकचायला आधी ब्रेक लावावा लागतो! मध्ये मध्ये कुठल्यातरी लाल गाडीची चित्रं घुसडली. 'श्रीमंत बापाची बिघडलेली पोरं' असं म्हणून झालं. मग तो विद्वान आला आणि माझा अर्थ सांगायला लागला. शेवटी 'तरुणाई चालली आहे कुठे?' असं विचारून सगळे एकदमच भांडायला लागले. त्या बाईंना कुणी काही विचारलं? बाळाचं नाव तरी निघालं? छे!

आत बाबा नवा चष्मा लावून बसले होते. "बघ, बघ ही आजकालची पोरं!" ते गरजले. "फटके दिले पाहिजेत चौकात. आणि याच्या आईबापांनी गाडी दिलीच कशी हातात?"

आईचा आवाज अगदी शांत होता. "अहो, ती आपली गाडी आहे."

त्यानंतर टीव्ही बंद झाल्याचा आवाज आला.

छोटी घरी आली ती सरळ माझ्याकडे. भिंत आणि गाडी यांच्यामधून कशीबशी अंग चोरत शिरली, मला सोललं, वर नेलं आणि फट्दिशी फ्रिजच्या दारावर चिकटवलं. लॅबमध्ये सगळ्यांनी तो व्हिडिओ बघितला होता. पाठोपाठ झेंडेकाकांचा फोन आला. ट्रॅकवर एक नंबर एकाच गाडीला देतात, त्यामुळे मी कुणाचा हे काकांना बघताक्षणी कळलं होतं. फोन ठेवून छोटी आईला एवढंच म्हणाली, "रविवारी बोलावलंय. नंबर घेऊन या म्हणाले." नंबर घेऊन या, याचा अर्थ आईलाही कळला आणि मलाही.

"तू सांगितलं नाहीस, कोण चालवत होतं ते?" आईनं विचारलं.

"मी नाही सांगणार."

"मग मी सांगते."

"नको, आई. ज्यानं चालवली त्यानं सांगायला हवं." हे ती मुद्दाम जरा मोठ्यानं म्हणाली. बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्राचं पान उलटल्याचा आवाज आला.

मित्रांनो, त्या घरातले पुढचे दिवस मी फ्रिजच्या दारावरून पाहिले आणि रागानं नुसता धुमसत होतो. बाबांना सगळं ठाऊक होतं आणि बाबा गप्प होते. इतकी वर्षं ओरडून सांगितलेला तो 'एक ओरखडा नाही' आता त्यांच्या घशात अडकला होता. माझ्यासमोर यायला नको म्हणून ते फ्रिजपाशी येईनासे झाले. बाहेरच्या माठातलं पाणी प्यायचे. शेजारचे एक गृहस्थ येऊन, "बघितलात का तो सत्तावीस? काय ही हल्लीची मुलं," म्हणाले, तर बाबा नुसतंच "हं" म्हणाले. हं! मी फ्रिजवरून उडी मारून त्यांच्या कपाळावर चिकटलो असतो. पण आपली उडी कुठवर, तर लोखंड असेल तिथवर.

छोटीनं एकदाही विचारलं नाही. ती जेवत होती, कामाला जात होती, बाबांना त्यांच्या रक्तदाबाच्या गोळीची आठवण करून देत होती. फक्त गाडीशी बोलणं बंद झालं, कारण गाडी बाहेर काढणंच बंद झालं. एकदा ती माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "आता ब्रेक... आता बघा लांब..." आणि तेवढ्यावरच सोडून लॅबला निघाली. मला फार वाईट वाटलं.

रविवारी सकाळी ती मला पिशवीत घालायला लागली, तेव्हा बाबा बूट घालून दारात उभे होते. "मीही येतो," म्हणाले. बस, एवढंच. गाडीत त्यांनी आमची पिशवी मांडीवर घेतली. छोटी इतकी हळू आणि इतकी नीट चालवत होती की त्यांनी दोनदा तिच्याकडे वळून बघितलं. ट्रॅकवर पोचल्यावर तर ते गोंधळूनच गेले. पांढऱ्या केसांचा सुतार एका कॉलेजातल्या मुलाच्या चाकाचे नट तपासत होता. दातांची डॉक्टरीण गाडीतून पायपुसणी काढत होती. "हे सगळे...?" बाबा पुटपुटले. त्यांनी टीव्हीत बघितलेलं त्यांना तिथे काहीच सापडेना.

शेडमध्ये काका उभे होते. छोटीनं मला टेबलावर ठेवलं. "गाडी माझी, नंबर माझा. दारावरून उतरवायला मी विसरले. ती चूक माझी."

"ते कळलं," काका म्हणाले. "चालवत कोण होतं?"

छोटीनं भिंतीवरच्या उलट्या नंबरांकडे बघितलं.

"छोटे, मी तुला ओळखतो. वळणावर तू दुसऱ्याला वाट देतेस. तू नव्हतीस ना?"

"ते मी नाही सांगणार, काका."

"मग माझा इलाज नाही. आज तुला सोडलं तर उद्या प्रत्येक जण म्हणेल, मी नव्हतो." काकांनी मला उचललं. त्यांनी मला फिरवलं आणि पत्र्याच्या भिंतीवर उलटं लावलं. चुंबकाला काय, खिळासुद्धा लागत नाही. कटकन चिकटलो. सगळं जग डोकं खाली, पाय वर झालं. छोटीनं मान फिरवली. मी बाबांकडे बघत होतो. त्यांचे बूट वर होते आणि चेहरा खाली होता, आणि त्यांच्या डोळ्यांतलं पाणी मला गालावरून वर वर चाललेलं दिसत होतं.

"तो नंबर सरळ करा," बाबा म्हणाले. "गाडी मी चालवत होतो. ती कामावर होती. मी... लाल दिवा मी तोडला."

काका त्यांच्याकडे वळले. मला वाटलं, आता ओरडतील. पण त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"ती बाळाची गाडी. किती लांब होती तुमच्यापासून?"

बाबांनी चष्मा काढला, पुन्हा लावला. "मला ती दिसलीच नाही हो. टीव्हीवर बघितली तेव्हा पहिल्यांदा दिसली."

काका खुर्चीवर बसले. रुग्णवाहिकेत त्यांनी काय काय वाहून नेलं असेल ते त्यांनाच माहीत. मग ते उठले, मला भिंतीवरून काढलं, सरळ केलं आणि छोटीच्या हातात दिलं.

"नंबर तुझा. पण विसरलीस तीही तूच. आज गाडी नाही. त्या लांबच्या वळणावर झेंडा घेऊन दिवसभर उभी राहा." आणि बाबांकडे वळून म्हणाले, "तुम्हाला मी काय शिक्षा देणार? तुमचा नंबर माझ्याकडे नाही. पोलीस चौकीवर जाऊन सांगून या. आणि त्या बाईंना भेटा."

छोटी उन्हात झेंडा घेऊन उभी राहिली आणि बाबा तिच्या शेजारी छत्री धरून उभे राहिले. दोघं काय बोलले ते मला माहीत नाही, मी पिशवीत होतो. परत निघाले तेव्हा बाबांचा आवाज बसला होता, एवढं मात्र खरं.

बाबा चौकीवर जाऊन आले. मग चौकशी करत त्या बाईंच्या घरीही गेले. ते आईला सांगत होते तेव्हा मी फ्रिजवर होतो. बाईंनी दाराची साखळीसुद्धा काढली नाही. आतून म्हणाल्या, "माफी ठेवा तुमच्याकडे. चष्मा लावत जा." आणि दार लावून घेतलं. "बरोबर आहे त्यांचं," बाबा म्हणाले, आणि त्या दिवशी ते जेवले नाहीत.

तुम्हाला वाटेल, आता तरी टीव्हीवाल्यांनी छोटीची माफी मागितली असेल. कसली माफी घेऊन बसलात! चौकीतून त्यांना बातमी लागली आणि संध्याकाळी नवीन किंचाळी सुरू झाली. 'म्हातारे चालक: रस्त्यावरचा चालताबोलता धोका!' तोच टायर करकचण्याचा आवाज. तीच लाल गाडी, आता तीत म्हातारा बसलाय असं समजायचं. तोच विद्वान, आणि यावेळी माझ्यात त्याला 'उतारवयातलं वैफल्य' सापडलं.

बाबा ताडकन उठले. "हे काय बोलतायत! सगळे म्हातारे काय सारखेच असतात? माणसामाणसात काही फरक..."

ते मध्येच थांबले. आई हातातलं शिवणकाम खाली ठेवून त्यांच्याकडे बघत होती. छोटीनं रिमोट उचलला आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "बाबा, आवाज वाढवू का जरा?"

मित्रांनो, एवढ्या वैतागात मी त्या एका क्षणी मनापासून हसलो.

पुढच्या महिन्यात छोटी शिकवायला लागली. तिचा पहिला विद्यार्थी काकांनीच ठरवला होता. बाबा हेल्मेट घालून चालकाच्या जागी बसायला निघाले, तेवढ्यात ती म्हणाली, "थांबा. आधी गाडीभोवती एक फेरी."

"फेरी? ती कशाला?"

"पलीकडच्या बाजूला काय आहे, ते बघायला."

बाबा वळसा घालून आले, आणि पलीकडच्या दारावर मी होतो. त्यांनी मला बघितलं, मी त्यांना. त्यांनी माझा मुडपलेला कोपरा अंगठ्यानं दाबून बसवला. मग गाडीत बसले आणि पहिल्याच वळणावर क्लचवर पाय ठेवल्याबद्दल लेकीची चांगली बोलणी खाल्ली.

आता मी म्हातारा झालो. छोटीनं नवे आकडे करून घेतले आहेत. मी फ्रिजच्या दारावर बाबांच्या डोळे तपासणीचं कार्ड धरून असतो. ते किल्ली घ्यायला आले की मला बोटानं एक टिचकी मारतात आणि खाली जाऊन गाडीभोवती पूर्ण फेरी मारल्याशिवाय आत बसत नाहीत. अशा गोष्टींच्या शेवटी वस्तूनं 'मला जपा' अशी विनवणी करायची रीत आहे. मी नाही करणार. मी रबराचा तुकडा आहे, आणि माझ्यावर नको तितका वेळ खर्च झाला आहे. तरुणांवर ओरडून झालं, म्हाताऱ्यांवर ओरडून झालं, माझे अर्थही काढून झाले. एवढ्या आरडाओरड्यात ती ढकलगाडी किती लांब होती, हे विचारणारा माणूस मला फक्त एकच भेटला. पुढच्या वेळी टीव्हीवर अशी एखादी गाडी दिसली आणि घरात कुणी 'ही आजकालची' म्हणून तोंड उघडलं, तर तुम्ही तेवढं विचारा. ते बाळ आता चालायला लागलं असेल. गाडी चालवताना, ते आपल्या दारापलीकडेच रस्ता ओलांडत असेल असं धरून चाला, आणि जपायचंच असेल तर त्याला जपा.